दखनी (नांदेड-लातूर परिसर)

दखनी : दख्खनच्या पठारावर घडलेली उर्दूच्या कुळातील बोली. नांदेड, लातूर, उदगीर, औसा, कंधार, देगलूर या गावांतील मुसलमान घरांत ती बोलली जाते. बाजारात मात्र शेतकरी, हमाल, व्यापारी सगळेच ती वापरतात. जनगणनेत बहुतेक जण मातृभाषा ‘उर्दू’ सांगतात, त्यामुळे दखनी बोलणाऱ्यांचा वेगळा आकडा मिळत नाही.

मुहम्मद तुघलकाने 1327 मध्ये राजधानी दौलताबादला हलवली. तेव्हा उत्तरेतून आलेले शिपाई, कारकून व सूफी यांची बोली इथल्या मराठी, तेलुगू व कन्नड भाषकांत मिसळली. बहामनी, आदिलशाही व कुतुबशाही काळात तिच्यात मोठे साहित्य झाले. वजहीचा ‘सबरस’ हा गद्यग्रंथ 1635 चा.

तिला ‘बिघडलेली उर्दू’ म्हणणे अन्यायाचे आहे. तिचे व्याकरण नियमाने चालते, आणि त्यातले बरेचसे नियम मराठी माणसाला घरचे वाटतील. ‘नको’ इथे ‘नक्को’ होते. जोर देणारा ‘च’ जसाच्या तसा आहे : ‘वोइच’, ‘ऐसाइच’. अनेकवचन ‘आँ’ लावून होते : लोगाँ, बाताँ. होकार ‘हौ’ने देतात. ‘क़लम’चा ‘खलम’ होतो. भूतकाळात ‘ने’ लागत नाही. पुरुष ‘मैं रोटी खाया’ म्हणतो, बाई ‘मैं रोटी खाई’. ‘कल आतऊँ बोलके बोली’ या वाक्यातला ‘बोलके’ मराठीतल्या ‘म्हणून’चे काम करतो, तेलुगू-कन्नडमध्येही अशीच रचना आहे. देगलूर-बिलोलीकडे तेलुगू आणि उदगीर-निलंग्याकडे कन्नड कानावर पडते, तेव्हा ही देवघेव आजही शेजारातली आहे.

हा भाग पूर्वी हैदराबाद संस्थानात होता. तिथे निजामी राजवटीच्या शेवटच्या काळात कचेरीची भाषा प्रमाण उर्दू होती. हैदराबाद संस्थान 1948 मध्ये भारतात विलीन झाले. 1956 च्या राज्यपुनर्रचनेत मराठवाडा मुंबई राज्यात गेला आणि पुढे कचेरीत मराठी आली. दखनीला ना पहिल्या काळात कागद मिळाला, ना दुसऱ्या. उर्दू शाळेतले मूल घरी दखनी, पुस्तकात प्रमाण उर्दू आणि दुकानात मराठी बोलते, आणि घरची बोली शाळेत चूक म्हणून दुरुस्त होते.

मुशायऱ्यांत ती प्रामुख्याने हास्यकवितेपुरती उरली असली, तरी गुलबर्ग्याच्या सुलेमान खतीब (1922–1978) यांच्या ‘केवडे का बन’ या संग्रहाने याच बोलीत विनोदाबरोबर गरीब घरांची दुःखेही मांडली.