शाळेतल्या स्वयंपाकी ताईंचं काम यंत्र घेणार का? जाणून घ्या

पोळ्या लाटणारं यंत्र आलं, ताटाचा फोटो काढून जेवण तपासणारं एआय आलं. मग शाळेत खिचडी शिजवणाऱ्या ताईंचं काय होणार, हा प्रश्न साहजिक आहे.

सध्याचा नियम
शालेय पोषण आहारात स्वयंपाकी-मदतनीसांची संख्या पटावर ठरते. २५ मुलांपर्यंत १, १०० पर्यंत २ आणि पुढे दर १०० मुलांमागे आणखी १. महाराष्ट्रात २०२३ मध्ये मानधन महिन्याला १,५०० वरून २,५०० रुपये झालं. म्हणजे पट घटला तरी काम जाऊ शकतं, त्याला यंत्र लागत नाही.

यंत्र कुठे चालतं?
साठ-सत्तर मुलांच्या शाळेत मोठं यंत्र परवडत नाही. ते बसतं मध्यवर्ती स्वयंपाकघरात. नाशिक जिल्ह्यात मुंढेगाव आणि पालघर जिल्ह्यात कांबळगाव इथे आश्रमशाळांसाठी अशी स्वयंपाकघरं उभी राहिली. अशा ठिकाणी भात-डाळ वाफेवर मोठ्या भांड्यांत शिजते आणि जेवण गाडीने शाळेवर पोचतं. मग शाळेत उरतं फक्त वाढणं आणि भांडी घासणं. त्यामुळे खरा फरक पडतो तो शाळेतली चूल हलल्यावर.

एआय काय करतं?
गडचिरोली जिल्ह्यात एटापल्ली तालुक्यातल्या तोडसा आश्रमशाळेत २०२२ मध्ये असं यंत्र बसलं. विद्यार्थी ताट घेऊन समोर उभा राहतो, यंत्र फोटो काढतं आणि जेवणाचा दर्जा सांगतं. ते स्वयंपाक करत नाही, तपासणी करतं. पण फोटोत फक्त ताट दिसतं. डाळच कमी आली असेल, तर ते फोटोत कळत नाही आणि बोट स्वयंपाकी ताईंकडे जातं.

ताईंनी काय करावं?
- आलेलं धान्य, डाळ, तेल मोजून घ्यावं आणि वहीत तारखेसह लिहावं.
- नेमणुकीचा कागद आणि मानधनाच्या बँक नोंदी जपून ठेवाव्यात.
- एफएसएसएआयच्या 'फोस्टॅक' अन्नसुरक्षा प्रशिक्षणाची चौकशी करावी. मोठ्या स्वयंपाकघरात ते प्रमाणपत्र कामी येतं.
- स्वयंपाक बाहेरून आणायचं ठरत असेल, तर शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत आधीच विचारावं: सध्याच्या ताईंना तिथे काम मिळणार का?

पालकांनीही या बैठकीला जावं. वाढण्याआधी शिक्षक आणि समिती सदस्यांनी जेवण चाखायचं, हा नियम आजही कायम आहे.