टिळकवाडीची तीन स्थित्यंतरे

एखाद्या वस्तीचा इतिहास लिहिताना आपण तिचे संस्थापक, तिची देवळे आणि तिच्यातील नामवंत यांची नोंद करतो. परंतु तेथील चूल कोणत्या उत्पन्नावर पेटत होती, हे सहसा विचारीत नाही. बेळगावच्या टिळकवाडीविषयी तोच प्रश्न विचारण्याचे आम्ही योजिले आहे. आम्ही बेळगुंदीचे, म्हणजे शहराच्या पश्चिमेस, राकसकोपच्या वाटेवरचे. आमच्या शिवारातील भात आणि रताळी बेळगावातच खपत आली. तेव्हा शहरातील सुखवस्तूंच्या भाग्याशी आमचाही संबंध पोचतो.

टिळकवाडीचे जुने नाव ठळकवाडी. एका शाळेच्या नावात ते अद्याप टिकून आहे. 1924 साली महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली भरलेले काँग्रेसचे अधिवेशन याच परिसरात झाले. त्या वेळी खणलेली विहीर आजही काँग्रेस विहीर म्हणून ओळखली जाते. पुढे 1945 साली राणी पार्वतीदेवी महाविद्यालय निघाले. या काळातील बंगलेवाला म्हणजे वकील, प्राध्यापक, अथवा पेन्शनीत निघालेला अधिकारी. त्याचे उत्पन्न महिन्याचे व ठराविक. त्यामुळे राहणी नेटकी, पण खर्च बेताचा.

1 नोव्हेंबर 1956 रोजी बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेले. सरकारी नोकरीची भाषा बदलली, आणि मराठीत शिकलेल्या तरुणाची दृष्टी पुण्या-मुंबईकडे वळली. वेतनावर उभ्या असलेल्या वस्तीचा पाया येथे प्रथम हलला. पुढील दशकांत उद्यमबागेतील ओतशाळा व यंत्रशाळा वाढल्या आणि दुसरे उत्पन्न आले, ते यंत्राचे. पदवीपेक्षा कसबाला व धाडसाला अधिक मोल आले, आणि वस्तीत कारखानदार दिसू लागला.

तिसरे उत्पन्न जमिनीचे. मुले बंगळूर, पुणे वा परदेशी स्थायिक झाली. मागे राहिले वृद्ध आईवडील आणि अंगणासह मोठा बंगला. अशा बंगल्याच्या जागी सदनिका उभ्या राहिल्या. एका घराच्या जागी दहा घरे झाली. शेजारी निरनिराळ्या गावांचे आणि भाषांचे आले. वस्ती श्रीमंत झाली, यात शंका नाही. मात्र ही श्रीमंती कमावलेली किती आणि जागेचा भाव वाढल्याने आपोआप आलेली किती, हा भेद ध्यानी ठेवला पाहिजे. वेतन दर महिन्यास येते. जागा एकदाच विकता येते.

ही कथा आता आमच्या वाटेने येत आहे. गणेशपूर आणि बेनकनहळ्ळीकडे शेतांत प्लॉटांचे दगड रोवलेले दिसतात. आमच्या शाळेच्या प्रवेश-रजिस्टरात वडिलांच्या व्यवसायाचा एक रकाना आहे. जुन्या पानांवर तेथे एकामागून एक ‘शेती’ लिहिलेले आढळते; मग ‘सैन्य’, मग ‘कारखान्यात कामगार’, ‘गवंडी’, ‘गोव्यात नोकरी’. ज्यांच्या आजोबांनी टिळकवाडीत भात पोचवला, त्यांचे नातू तेथे सदनिकांचे मजले चढवीत आहेत.

जनगणना माणसे मोजते. एका घराचे उत्पन्न पिढीगणिक कसे पालटले, हे असा रकाना सांगतो. सीमाभागातील मराठी शाळांचा पट रोडावत आहे, आणि शाळा बंद झाली की तिच्या रजिस्टरांना वाली उरत नाही. ती वाळवीच्या हाती जाण्यापूर्वी प्रत्येक मुख्याध्यापकाने निदान हा एक रकाना, मुलांची नावे वगळून, उतरवून ठेवावा, अशी आमची विनंती आहे. आम्ही आमच्या शाळेपुरते ते काम हाती घेतले आहे.