सव्वा वर्षाचा हिशेब

१९६० साली सिअ‍ॅटलच्या डॉ. बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी टेफ्लॉनची छोटी नळी रुग्णाच्या हातात कायमची बसवली आणि मूत्रपिंडे निकामी झालेली माणसे डायलिसिसवर वर्षानुवर्षे जगू लागली. यंत्रे मात्र मोजकीच, खर्च अफाट. १९६२ मध्ये यंत्र कोणाला द्यायचे हे सात जणांची समिती ठरवू लागली. तिच्या सभासदांची नावे गुप्त असत. उमेदवाराची मुलेबाळे, नोकरी, चर्चमधली हजेरीसुद्धा तोलली जाई. त्याच वर्षी 'लाइफ' मासिकाने हे उघड केले.

१९६८ मध्ये अर्थतज्ज्ञ हर्बर्ट क्लारमन व सहकाऱ्यांनी वेगळा तराजू घेतला. माणसाची लायकी नव्हे, उपचाराचे फळ मोजायचे. तेवढ्याच पैशांत डायलिसिसपेक्षा मूत्रपिंडरोपणाने जास्त वर्षे पदरात पडतात, असा त्यांचा निष्कर्ष होता. शिवाय रोपणानंतरचे एक वर्ष त्यांनी डायलिसिसवरच्या सव्वा वर्षाइतके धरले.

१९७२ च्या कायद्याने हा खर्च बहुतेकांसाठी मेडिकेअरकडे आला आणि अशा समित्यांची गरज उरली नाही.

तो 'सव्वा' अंदाजाचाच होता, त्यावर वाद घालता येतो. पण तो कागदावर होता, म्हणूनच वाद घालता येतो. बंद दाराआडच्या निवाड्याशी कोण वाद घालणार?