बीडमधली डबल ई

बीड जिल्ह्यातल्या पाटोदा या गावाचे नाव रोमन लिपीत लिहिताना आकारासाठी ‘ए’ हे अक्षर येते. हे वळण लॅटिन. जिल्ह्याच्या नावात मात्र ईकारासाठी डबल ई आहे आणि तिथल्याच केज या गावाच्या नावातल्या एकारासाठी ए-आय. ही वळणे अस्सल इंग्रजी. एका जिल्ह्यात दोन पद्धती का, याचे उत्तर कारकुनाच्या हलगर्जीपणात शोधले जाते. पण नुसत्या हलगर्जीपणातून इतकी नियमबद्ध वळणे येत नाहीत. स्पेलिंगमध्ये इतिहास साठलेला असतो, आणि तो वाचता येतो.

इंग्रजीत ‘फीट’ला डबल ई लागते, कारण पूर्वी तो शब्द लांब एकाराने, ‘फेट’सारखा उच्चारला जाई. साधारण १४०० ते १७०० या काळात इंग्रजीचे दीर्घ स्वर सरकले आणि त्या ए चा ई झाला. कॅक्स्टनने वेस्टमिन्स्टरला छापखाना घातला तो १४७६ च्या सुमारास, म्हणजे हे स्थित्यंतर चालू असतानाच. छापील रूपे हळूहळू पक्की झाली, जिभा पुढे गेल्या. इटालियनमध्ये ‘आय’ हे अक्षर ईच राहिले. म्हणून विल्यम जोन्सने १७८८ मध्ये भारतीय शब्दांसाठी लिप्यंतर सुचवताना स्वर तिकडचे घेतले आणि पुढे हंटरने तीच दिशा सरकारी कामात रूढ केली. १९०८ च्या इंपीरियल गॅझेटियरमध्ये बीडचा ईकार ‘आय’नेच लिहिला आहे. शेवटी डी नसून आर आहे, तोही अकारण नव्हे: निजामी कचेरीची भाषा उर्दू, आणि उर्दूत हे नाव आजही ‘ड़े’ने लिहितात. पुढे पुण्याने डबल ओ टाकून ‘यू’ घेतला. बीड नेमके उलट्या वाटेने गेले.

रोमन अक्षरांवरून पाटोदा की पातोडा हे कळत नाही, ही तक्रार खरी आहे, आणि तिथे देवनागरी निर्विवाद सरस ठरते. पण त्यावरून मराठी जशी बोलतात तशीच लिहितात, असे म्हणणे टिकत नाही. ‘चार’ आणि ‘चारा’ यांतले च वेगळे आहेत, अक्षर एकच. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या नियमांनी ‘नाहीं’, ‘कां’ यांवरचे न उच्चारले जाणारे अनुस्वार काढले; असा निर्णय घेणारी संस्था इंग्रजीला नाही. तरी त्या नियमांनीही दोन च ना वेगळी खूण दिली नाही. तो फरक मराठी मूल कानानेच शिकते.