टो रेटिंगचा आकडा येतो कुठून?

अमेरिकेत पहिल्यांदाच ट्रॅव्हल ट्रेलर घेणाऱ्या कुटुंबाचा हिशोब साधारण असा असतो: आपल्या मिडसाइज पिकअपचं टो रेटिंग 7,500 पाउंड (सुमारे 3,400 किलो), ट्रेलर 4,500 पाउंडांचा, म्हणजे 3,000 पाउंड शिल्लक. झालं काम! ट्रॅव्हल ट्रेलर म्हणजे झोपण्याची, स्वयंपाकाची सोय असलेलं, गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर. वजाबाकी बरोबर आहे. पण त्यातले दोन आकडे दोन वेगळ्या मंडळींनी दोन वेगळ्या कारणांसाठी काढलेत, आणि ज्या तिसऱ्या आकड्यावर सगळं अडतं तो यात आलेलाच नाही. संशोधनाची तयारी करणारे मित्र मला विचारतात, "साधन-चिकित्सा म्हणजे नक्की करायचं काय?" त्यांना मी हल्ली हेच उदाहरण देते.

आधी थोडं मागे जाऊ. 1930 च्या दशकात ट्रेलरचं पहिलं वेड आलं तेव्हा तो ओढायला साधी मोटारगाडीच असायची. पुढे लांबलचक स्टेशन वॅगन आल्या. 1973 चं तेलसंकट आणि 1975 चा इंधन-बचतीचा कायदा यांनंतर मोटारी आकसत गेल्या. ट्रकांना मात्र नियम सैल होते. त्यामुळे ओढण्याचं काम हळूहळू पिकअपकडे सरकलं. डॉज डकोटा 1987 मध्ये 'मिडसाइज' म्हणून आली, तोवर पिकअप बऱ्याच घरांत शेतावरची गाडी न राहता कुटुंबाची गाडी झाली होती.

आणि कुटुंबाला विकायचं तर जाहिरातीत मोठा आकडा हवा. प्रत्येक कंपनी टो रेटिंग आपापल्या पद्धतीने काढायची. प्रतिस्पर्ध्यापेक्षा शंभर पाउंड जास्त दाखवता आले की जाहिरात तयार! अखेर 2008 मध्ये एसएई या अभियंत्यांच्या संस्थेने जे-2807 नावाचं सामाईक मानक प्रसिद्ध केलं. त्यातली सगळ्यात गाजलेली चाचणी ॲरिझोनातल्या डेव्हिस डॅमच्या चढावर बेतलेली आहे. सुमारे 18 किलोमीटरचा घाट, पायथ्याला 38 अंश सेल्सिअस उष्णता, एसी पूर्ण चालू, मागे ट्रेलर, आणि वेग ताशी 64 किलोमीटरच्या खाली जाता कामा नये.

आता गंमत बघा. मानक ऐच्छिक होतं. टोयोटाने 2011 च्या टुंड्रासाठी ते सर्वांआधी स्वीकारलं आणि काही मॉडेलांचं रेटिंग कागदावर घसरलं. इंजिन तेच, ट्रक तोच, आकडा लहान. मग बाकीचे थबकले, कारण आपला आकडा आधी कोण कमी करणार? डेट्रॉइटच्या तिन्ही कंपन्या त्यांच्या मोठ्या पिकअपसाठी या मानकावर यायला 2015 ची मॉडेलं उजाडली. माझ्या मते या कथेतला सगळ्यात बोलका पुरावा ही मधली चार वर्षंच आहेत. आकडा गाडीचा गुण सांगतो असं आपण धरून चालतो. इथे तो कंपन्यांमधली ओढाताण सांगतोय.

मानक आलं म्हणून प्रश्न सुटला असंही नाही. चाचणीत गाडीत प्रत्येकी 150 पाउंडांची दोनच माणसं धरली आहेत. हिचवर, म्हणजे ट्रेलर जिथे जोडतात तिथे, पडणारा भार ट्रेलरच्या 10 टक्के धरला आहे. प्रत्यक्षात ट्रेलर डुलू नये म्हणून हा भार 10 ते 15 टक्के ठेवायला सांगतात. आणि पोरंबाळं, कुत्रा, सायकली? त्या चाचणीत नाहीत.

तो तिसरा आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर असतो: माणसं आणि सामान मिळून इतक्याहून जास्त वजन नको. याचा उगम अगदी वेगळा, दुःखद आहे. फायरस्टोनचे टायर फुटून, मुख्यतः फोर्ड एक्स्प्लोरर उलटून, अमेरिकेत अडीचशेहून अधिक माणसं गेली. त्यातून 2000 मध्ये ट्रेड कायदा झाला, आणि त्याखालच्या नियमांमुळे स्टिकरला आजचं रूप आलं. म्हणजे टो रेटिंग आलं बाजारातून, स्टिकर आलं अपघातांच्या चौकशीतून.

आता हिशोब पुन्हा मांडू. स्टिकर 1,300 पाउंडांचं आहे असं समजा. ट्रेलरचे 4,500 पाउंड हे बहुधा 'ड्राय वेट' असतं, म्हणजे पाणी, भांडीकुंडी, अंथरुणं यांशिवायचं. एकट्या 40 गॅलन पाण्याचेच 330 पाउंड होतात. भरलेला ट्रेलर 5,500 धरला तर हिचवर साधारण 700 येतात. हा भार पिकअपच्याच अंगावर पडतो, म्हणून तो स्टिकरमधून वजा करायचा. दोन मोठी माणसं, दोन मुलं मिळून 500 पाउंड. उरले 100, आणि भार दोन्ही धुऱ्यांवर वाटून देणारं जड हिच लावलं तर तेही जवळपास संपले. टो रेटिंगप्रमाणे मात्र अजून 2,000 पाउंड शिल्लकच दिसतात! मिडसाइज पिकअपच्या बाबतीत हे फार वेळा होतं. ओढण्याची ताकद असते, पाठीवर घ्यायची नसते.

ज्यांना हा विषय पुढे न्यायचाय त्यांनी कंपन्यांची जुनी माहितीपत्रकं आणि त्याच वर्षाची मालक-पुस्तिका शेजारी शेजारी ठेवून वाचावी. पत्रकात आकडा ठळक अक्षरात असतो, त्याच्या अटी पुस्तिकेत किंवा बारीक तळटीपेत. स्टिकरच्या नियमांसाठी फेडरल रजिस्टर हे अमेरिकी सरकारचं राजपत्र पाहा. नियम का केला, कोणी हरकत घेतली, तिला काय उत्तर दिलं, सगळं तिथे छापलेलं आहे. आणि ज्यांना खरोखर ट्रेलरच घ्यायचाय त्यांनी आधी पिकअपचं दार उघडून स्टिकर वाचावं, आणि घेतल्यावर सगळं सामान भरून, घरच्यांना बसवून, ट्रक थांब्यावरच्या काट्यावर वजन करावं. पावतीवर प्रत्येक धुरीचा भार वेगळा छापून मिळतो.