चाणक्य नावाचे जहाज

नवी मुंबईत करावे गावाला लागून खाडीकाठी 'टी. एस. चाणक्य' नावाची संस्था आहे. टी. एस. म्हणजे ट्रेनिंग शिप, प्रशिक्षणाचे जहाज. प्रत्यक्षात तिथे जहाज नाही. वर्ग, वसतिगृहे, कवायतीचे मैदान, सगळे जमिनीवर आहे. शिवाय अधिकृत नावही आता हे नाही. 2008 मध्ये संसदेच्या कायद्याने इंडियन मेरिटाईम युनिव्हर्सिटी स्थापन झाली, मुख्यालय चेन्नईला गेले आणि सात सरकारी सागरी संस्था तिच्यात विलीन झाल्या. तेव्हापासून चाणक्य म्हणजे त्या विद्यापीठाचा 'नवी मुंबई कॅम्पस'. रिक्षावाल्याला मात्र चाणक्यच सांगावे लागते. शेजारच्या पाणथळीवर रोहित पक्षी पाहायला जाणारेही 'चाणक्यला' जातात.

विद्यापीठाचे बोधचिन्ह, रंग, अक्षरवळण सगळीकडे एकसारखे असावे, हा आग्रह आता बहुतेक विद्यापीठे धरतात. चिन्हाभोवती किती जागा मोकळी सोडायची, इथपर्यंत नियम असतात. त्याची चेष्टा करणे सोपे आहे. सागरी विद्यापीठाच्या बाबतीत मी तरी ती करणार नाही.

समुद्रावर खुणेचा उपयोग अनोळखी माणसासाठी असतो. आगबोटींच्या काळात कंपनी ओळखायची ती धुरांड्याच्या रंगावरून आणि डोलकाठीवरच्या निशाणावरून. पी अँड ओ कंपनीच्या निशाणाचे निळा, पांढरा, तांबडा आणि पिवळा हे चार रंग पोर्तुगाल आणि स्पेनच्या राजनिशाणांतून आले, कारण तिची सुरुवातीची वाहतूक तिकडची होती. आज न्हावा शेव्याला उतरणाऱ्या प्रत्येक कंटेनरवर चार अक्षरे, सहा आकडे आणि एक पडताळणीचा आकडा असतो. तो शेवटचा आकडा आधीच्या अक्षरांवरून व आकड्यांवरून गणिताने निघतो, म्हणजे लिहिताना कुणी चूक केली तर ती तिथेच उघडी पडते. माणसाच्या कागदांनाही हेच लागू आहे. खलाशी आणि अधिकारी यांच्या प्रशिक्षणाचा 1978 चा आंतरराष्ट्रीय करार दाखल्याचा नमुनासुद्धा ठरवून देतो. रॉटरडॅमला जहाजावर चढलेल्या तपासनिसाला करावे कुठे आहे हे ठाऊक नसते. त्याच्यासमोर कागद असतो, आणि तो कागद आधी पाहिलेल्या कागदासारखाच दिसावा लागतो. सात संस्थांची सात वळणे तिथे चालणार नाहीत. पूर्वी चाणक्यच्या छात्रांना पदवी मुंबई विद्यापीठाची मिळे, आणि त्या विद्यापीठाचेही इंग्रजी नाव 1996 मध्ये 'बॉम्बे'चे 'मुंबई' झाले. एकाच घरात काका आणि पुतण्या दोघे समुद्रावर असतील, तर त्यांच्या पदव्यांवर तीन वेगळी नावे निघू शकतात.

तेव्हा खूण एक हवी, हे मान्य. प्रश्न आहे तो त्या एका खुणेखाली काय झाकले जाते हा.

पहिल्या महायुद्धानंतरही हिंदुस्थानच्या किनाऱ्यावरील व्यापारी जहाजांचे अधिकारी जवळजवळ सारे युरोपियन होते. रत्नागिरी, कुलाब्याची माणसे डेकवर आणि इंजिनघरात राबत. पुलावर उभे राहून हुकूम देणे त्यांच्या वाट्याला येत नसे. 1919 मध्ये वालचंद हिराचंद आणि नरोत्तम मोरारजी यांच्या सिंदिया कंपनीचे 'लॉयल्टी' जहाज मुंबईहून इंग्लंडला निघाले. (ते ग्वाल्हेरच्या शिंद्यांकडून घेतलेले, म्हणून कंपनी सिंदिया. इंग्रजांच्या तोंडी बिघडलेले एक मराठी आडनाव स्वदेशी नौकानयनाची खूण बनले, ही गंमत नोंदवण्यासारखी आहे.) जहाज आपले झाले, कप्तान कुठून आणायचा? 1923 मध्ये नेमलेल्या मर्कंटाइल मरीन समितीने प्रशिक्षण जहाजाची शिफारस केली. रॉयल इंडियन मरीनचे जुने सैन्यवाहू जहाज 'डफरीन' त्यासाठी मिळाले आणि 1927 मध्ये मुंबई बंदरात नांगरून तिथे वर्ग सुरू झाले. नाव एका व्हाइसरॉयचे, शिकणारी मुले हिंदी. 1972 मध्ये डफरीनची जागा 'राजेंद्र' जहाजाने घेतली आणि 1993 मध्ये राजेंद्रची जागा किनाऱ्यावरच्या चाणक्यने. जहाज गेले तरी 'टी. एस.' राहिले. जुने छात्र आजही तिन्ही नावे एका दमात घेतात. ती एकच शाळा आहे, असे त्यांना वाटते, आणि मला ते बरोबर वाटते.

करावेहून खाडीपलीकडे पाहिले की न्हावा. तिथे 1910 पासूनची 'ट्रेनिंग शिप रहमान' आहे, मुंबईचे जहाजमालक सर मोहम्मद युसुफ यांच्या देणगीतून उभी राहिलेली. तीही जमिनीवरचे जहाज. ही संस्था त्याच सागरी विद्यापीठाशी संलग्न आहे, पण संलग्न असल्यामुळे दारावर तिचे स्वतःचे नाव शाबूत आहे. चाणक्य सरकारी, म्हणून विलीन झाली. ज्या नावामागे विश्वस्त उभे होते ते टिकले. ज्याचा मालक सरकार होते, ते एका कायद्याने मागे सरले. बोधचिन्हाची नियमावली करणाऱ्यांनी यात काही दुष्टपणा केला असे नाही. त्यांच्या तक्त्यात 'कॅम्पस' असा रकाना असतो, 'आधीचे नाव' असा नसतो. तो घालायला खर्च येत नाही. विद्यापीठाच्या नावाखाली लहान अक्षरांत 'चाणक्य, स्थापना 1927' एवढी ओळ आली तर रॉटरडॅमच्या तपासनिसाचे काहीही अडत नाही.

एक गोष्ट जाता जाता. या एकसारखेपणाचा आग्रह इंग्रजीपुरताच दिसतो. हिंदीत हे 'समुद्री विश्वविद्यालय', मराठी वर्तमानपत्रांत 'सागरी विद्यापीठ'.

न्हावा शेव्याचे स्वतःचे उदाहरण याच्या अगदी उलट आहे. 26 मे 1989 रोजी बंदर सुरू झाले, अधिकृत नाव जवाहरलाल नेहरू. पण जगाच्या बंदरांच्या सूचीत त्याची खूण आय-एन-एन-एस-ए अशी पडली : भारताची दोन अक्षरे आणि पुढची तीन न्हावा शेव्याची. कागदावर तीच चालू लागली. 1999 मध्ये आलेल्या पहिल्या खासगी टर्मिनलने आपल्या नावात 'न्हावा शेवा'च घेतले. 2024 मध्ये खुल्या झालेल्या अटल सेतूच्या अधिकृत नावातही शिवडी-न्हावा शेवा आहे. अनोळखी माणसाच्या सोयीसाठी ठरलेल्या तीन अक्षरांनी दोन गावांची नावे जगभर नेली.

त्यातले शेवा गाव मात्र बंदरासाठी उठवले गेले. शेतकऱ्यांची वस्ती नवीन शेवा झाली. कोळ्यांना उरणजवळ बोरी पाखाडीला जागा दिली, तिचे नाव हनुमान कोळीवाडा. तिथल्या लोकांचा पुनर्वसनाचा झगडा बंदर सुरू झाल्यावरही वर्षानुवर्षे चालला. त्यांच्या नव्या पत्त्यात शेवा हा शब्द नाही. तो आता मालाच्या बिलांवर असतो.