फिट नव्हतीच ती : हृदयातल्या एका पुलाची गोष्ट

आजचा भाग थोडा घरचा आहे, म्हणून सुरुवातही घरापासूनच करते.

आमचे आजोबा पहिल्यांदा पडले ते देवळाच्या पायरीवर. चेहरा पांढराफटक, हातपाय ताठ, एक-दोन झटके. मग अचानक चेहऱ्यावर लाली आली आणि ते उठून बसले. वर आम्हालाच विचारतात, "काय रे, काय झालं?" तोवर कुणीतरी कांदा फोडून नाकाशी धरलासुद्धा होता. तालुक्याच्या दवाखान्यात निदान झालं, फिट. मेंदूचा स्कॅन नॉर्मल आला, तरी फिटच्या गोळ्या सुरू झाल्या. सात महिने आजोबांनी त्या नेमाने घेतल्या आणि त्या सात महिन्यांत चारदा पडले. पाचव्यांदा पडले तेव्हा शेजारी माझी आत्या होती. ती नर्स आहे. तिने सवयीने त्यांचं मनगट धरलं आणि घड्याळाकडे बघत ठोके मोजले. मिनिटाला 32.

दुखणं मेंदूचं नव्हतं, हृदयाचं होतं. आमच्या घराला हे कळायला सात महिने लागले. जगाला किती लागले, ते आज ऐकू या.

1761 मध्ये इटलीच्या मोर्गान्यी या डॉक्टरने मंद नाडी आणि झटके एकाच रुग्णात दिसल्याचं लिहून ठेवलं होतं. पण खरा मुद्दा मांडला तो 1827 मध्ये, डब्लिनच्या रॉबर्ट अ‍ॅडम्सने. त्याचा रुग्ण 68 वर्षांचा, महसूल खात्यातला अधिकारी, नाडी तिसाच्या आसपास. तो वारंवार बेशुद्ध पडायचा. त्या काळी असं कुणी कोसळलं की दोष मेंदूला दिला जायचा. अ‍ॅडम्स म्हणाला, मूळ हृदयात शोधा, मेंदूचं हे फक्त लक्षण आहे. 1846 मध्ये त्याच शहरातल्या विल्यम स्टोक्सने असे आणखी रुग्ण मांडले. या झटक्यांना आजही स्टोक्स-अ‍ॅडम्स असंच नाव आहे. हे वाचलं तेव्हा मी आत्याला फोन केला आणि म्हटलं, तुझा रोग तर दोनशे वर्षांपूर्वीच पकडलाय. ती म्हणाली, "पकडून काय उपयोग, मनगट कोण धरतं?"

पण हृदय इतकं मंद होतं तरी का? हे अ‍ॅडम्सलाही ठाऊक नव्हतं. उत्तराचा पहिला तुकडा सापडला तो कासवात. 1880 च्या दशकात केंब्रिजच्या वॉल्टर गॅस्केलने कासवाच्या हृदयाच्या वरच्या आणि खालच्या कप्प्यांमध्ये एक चिमटा बसवला आणि तो हळूहळू आवळत नेला. आधी वरच्या प्रत्येक ठोक्याला खालचा कप्पा साथ देत होता. चिमटा आवळल्यावर दोन ठोक्यांमागे एकदा देऊ लागला. आणखी आवळला, तेव्हा साथ तुटलीच. याला त्याने 'ब्लॉक' म्हटलं. (हा शब्द त्याने रोमानिस या शास्त्रज्ञाकडून घेतला होता आणि रोमानिसने तो वापरला होता जेलीफिशवरच्या प्रयोगांत. म्हणजे कार्डिओलॉजिस्ट आज जो शब्द उच्चारतो, तो जेलीफिशकडून कासवामार्गे आलाय!)

इथे एक गोष्ट स्पष्ट करते. आपल्याकडे 'ब्लॉक' म्हटलं की लोकांना रक्तवाहिनीतली चरबी, अँजिओप्लास्टी, स्टेंट असंच आठवतं. ते नळाचं काम. आजची गोष्ट वायरिंगची आहे.

माणसाच्या हृदयात वरचे कप्पे आणि खालचे कप्पे यांच्यामध्ये वीज न वाहणाऱ्या तंतूंचा पडदा असतो. ओलांडायला पूल एकच. 1893 मध्ये विल्हेल्म हिसने त्या पुलाचा जुडगा शोधला. 1906 मध्ये सुनाओ तावारा या जपानी तरुणाने जर्मनीतल्या मारबुर्गमध्ये, हृदयाचे पातळ काप एकामागून एक तपासत, पुलाच्या तोंडाशी असलेली गाठ शोधली. ती एव्ही नोड. तिथून निघालेली वाट पुढे दोन फांद्यांत फुटते आणि झाडासारखी खालच्या कप्प्यांत पसरते, हेही त्याने दाखवलं. पुढच्याच वर्षी इंग्लंडमध्ये आर्थर कीथ आणि मार्टिन फ्लॅक यांनी ठोका जिथे जन्मतो ती वरची गाठ दाखवली. फ्लॅक तेव्हा वैद्यकीचा विद्यार्थी होता!

आता हा पूल बिघडतो कसा? हेडफोन असेल तर लावा. [टेबलावर टिचक्या]

पहिला प्रकार: निरोप पोचतो, पण उशिरा. दर वेळी, सारखाच उशिरा. ईसीजीवर हा वेळ 0.20 सेकंदाच्या वर गेला की पहिल्या डिग्रीचा ब्लॉक. रोज सराव करणाऱ्या धावपटूंमध्येही तो दिसतो आणि बहुतेक वेळा काही करावं लागत नाही.

दुसरा प्रकार माझा आवडता. टोलनाक्यावरचा एक कंटाळलेला माणूस डोळ्यांपुढे आणा. पहिल्या गाडीला थोडा वेळ लावतो, दुसरीला जास्त, तिसरीला आणखी जास्त, चौथीला सोडतच नाही. मग ताजातवाना होऊन पहिल्यापासून सुरू. कारेल वेन्केबाख या डच डॉक्टरने 1899 मध्ये हा नमुना पकडला, तेही ईसीजी नसताना, नुसत्या नाडीच्या आलेखावरून! मला तर हे एखाद्या तबलजीच्या कानासारखं वाटतं. 1924 मध्ये वोल्डेमार मोबिट्झने याचा धोकादायक भाऊ वेगळा काढला. त्यात उशीर वाढत जात नाही, काही सूचना मिळत नाही. सगळं सुरळीत चालू असताना एक ठोका गायब. याचं दुखणं बहुधा गाठीच्या खाली, जुडग्यात किंवा फांद्यांत असतं आणि ते कधीही पूर्ण ब्लॉकवर जाऊ शकतं.

पूर्ण ब्लॉक म्हणजे तिसरी डिग्री. गणपतीच्या मिरवणुकीत दोन ढोलपथकं शेजारी आली आणि दोघांचा ताल वेगळा, तसं. वरचे कप्पे 80 ने चाललेत, खालचे आपल्या मर्जीने 32 ने. एकाचं दुसऱ्याला ऐकू येत नाही. मध्येच खालचं पथक काही सेकंद थांबलं की माणूस कोसळतो, आणि ते पुन्हा वाजायला लागलं की चेहऱ्यावर लाली येते. आमच्या आजोबांच्या चेहऱ्यावर आली होती, तीच.

कारणं? सगळ्यात साधं कारण वय. पुलाच्या जागी हळूहळू तंतू साठतात, वायर झिजते. हार्ट अटॅकमध्ये पुलाचा रक्तपुरवठा तुटू शकतो. डिजॉक्सिन, बीटा ब्लॉकर यांसारखी औषधं, रक्तात वाढलेलं पोटॅशियम, घटसर्प. आईला ल्युपससारखा आजार असेल तर कधीकधी तिच्या अँटिबॉडी पोटातल्या बाळाच्या हृदयाचा पूल जाळतात. आणि आपल्या कुंपणावरची पिवळी कण्हेर! जिच्या बिट्ट्यांनी आपण लहानपणी खेळलो, ती बी पोटात गेली तर तिचं विष हेच करतं. घरात लहान मुलं असतील तर लक्ष ठेवा.

एक कारण मात्र डॉक्टरांनी स्वतः निर्माण केलं. 1950 च्या दशकात मिनेसोटात वॉल्टन लिलेहाय लहान मुलांच्या हृदयातली भोकं शिवत होते. कधीकधी टाका नेमका हिसच्या जुडग्यावर पडायचा. भोक बुजायचं आणि पूल तुटायचा. मग त्या मुलांना भिंतीतल्या प्लगवर चालणारं यंत्र लावायचे, वायरची लांबी असेल तेवढंच त्यांचं जग. 31 ऑक्टोबर 1957 ला शहराची वीज गेली. त्यानंतर लिलेहायनी अर्ल बाकेन यांना गाठलं. बाकेन गॅरेजमध्ये हॉस्पिटलची उपकरणं दुरुस्त करायचे. त्यांनी एका मासिकातला मेट्रोनोमचा सर्किट आराखडा घेतला, म्हणजे रियाजाला लय देणारं यंत्र, आणि सुमारे चार आठवड्यांत बॅटरीवर चालणारा, अंगावर बाळगता येईल असा पेसमेकर केला.

तो शरीराच्या आत गेला 8 ऑक्टोबर 1958 ला, स्वीडनमध्ये. आर्ने लार्सन, वय 43, दिवसाला वीस-तीस झटके. त्यांची बायको एल्से-मारी सर्जन ओके सेनिंग आणि इंजिनिअर रूने एल्मक्विस्ट यांच्या मागे हात धुवून लागली. यंत्र माणसात घालण्याजोगं तयार नाही, असं ते सांगत होते. ती ऐकेना. शेवटी बूटपॉलिशच्या डबीचा साचा करून एल्मक्विस्टनी सर्किट रेझिनमध्ये ओतलं. पहिलं यंत्र काही तासांत बंद पडलं, दुसरं बसवलं. आयुष्यभरात लार्सनना वीसहून जास्त यंत्रं लागली. ते 2001 मध्ये वारले, 86 व्या वर्षी, आणि तेही त्वचेच्या कॅन्सरने. सर्जन आणि इंजिनिअर, दोघेही त्यांच्या आधी गेले होते.

आजोबांचा पेसमेकर डाव्या कॉलरबोनखाली बसवला. फिटच्या गोळ्या त्याच आठवड्यात बंद झाल्या. डॉक्टर म्हणाले, मोबाइल शर्टाच्या डाव्या खिशात ठेवू नका, उजव्या कानाला लावा. आजोबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "याचा चार्जर कुठेय?"

चार्जर नसतो, बॅटरी संपत आली की यंत्रच बदलतात, हे मी त्यांना तीनदा समजावलंय. तरी काल त्यांचा फोन आला. उजव्याच कानाला लावला होता. म्हणाले, गावात लाइट गेलीय, मला काही होणार नाही ना?